पोट शिवून होईपर्यंत बाळ कुठे असतं?

माझं सिझर झालं तेव्हा बाळ मला किती वेळ दिसलं, हे मी आजही सांगू शकते: एक वाक्य बोलून होईपर्यंत. सिस्टरनं हिरव्या पडद्यावरून बाळ दाखवलं आणि म्हणाली, "काय झालं ते नीट बघा आणि तुमच्या तोंडानं सांगा." मी म्हटलं, "मुलगी." तिनं कागदावर लिहून घेतलं आणि बाळ गेलं. पुन्हा माझ्या कुशीत आलं ते पाच तासांनी. अंग पुसून, टोपडं घालून, डब्यातल्या दुधाचे चार चमचे पिऊन गाढ झोपलेलं. तिचं काही बिघडलं नाही. आता ती कॉलेजला जाते आणि माझ्याशी भांडते. पण ऑपरेशन म्हटलं की हे असंच असायचं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

यंदा माझ्या भाचीचे दिवस भरत आले. बाळ पायाळू, म्हणजे डोकं वर नि पाय खाली, त्यामुळे सिझर करायचं हे आधीच ठरलेलं. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरी त्यावरून वेगळाच वाद. पायाळू माणसाची लाथ चमकलेल्या कमरेला उतारा असते म्हणतात. पण पोट कापून काढलेलं बाळ पायाळू धरायचं की नाही? हा वाद अजून मिटलेला नाही. भाचीचा प्रश्न मात्र सरळ होता. "मावशी, नॉर्मलवाल्यांचं बाळ लगेच छातीवर ठेवतात. माझं ठेवतील काय?"

ठेवता येतं. आई शुद्धीवर असेल आणि बाळ नीट रडलं असेल, तर ऑपरेशनच्या टेबलावरच, खाली पोट शिवायचं काम चालू असताना. कसं आणि कशासाठी, ते सांगते.

घड्याळ लावून बघितलं तर

सिझर म्हणजे पाऊण ते एक तासाचं काम. त्यातलं बाळ काढणं हा अगदी छोटा भाग. पहिलंच सिझर असेल तर चिरा दिल्यापासून पाच-दहा मिनिटांत बाळ बाहेर येतं. (आधीचं सिझर असेल तर आतले थर एकमेकांना चिकटलेले असू शकतात, ते सोडवायला जास्त वेळ जातो.) उरलेला सगळा वेळ वार काढणं, गर्भाशयाची पिशवी शिवणं, रक्त थांबलंय ना ते बघणं आणि मग एकेक थर शिवत वर कातडीपर्यंत येणं यात जातो. म्हणजे बाळ जन्मलेलं आहे, आई जागी आहे, आणि दोघांनाही करण्यासारखं काही नाही, अशी अर्धा-पाऊण तासाची मोकळी वेळ त्या खोलीत असतेच.

आई जागी असते हे बऱ्याच घरांत अजून ठाऊक नसतं. "पूर्ण भूल दिली असेल" असं बाहेर बसलेल्यांना वाटतं. आता बहुतेक सिझर पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देऊन होतात. त्यानं साधारण स्तनांच्या रेषेपासून खालचा भाग बधिर होतो. दुखत नाही, पण कुणीतरी आतून ओढतंय, ढकलतंय असं जाणवतं. हात, खांदे, डोकं शाबूत. छातीच्या खाली पडदा, पडद्यापलीकडे डॉक्टर. छाती मोकळी.

ओल्या अंगानं पंख्याखाली

पोटात बाळ आईपेक्षाही अर्ध्या अंशानं जास्त उबदार असतं. तिथून ते एकदम येतं एसीच्या खोलीत, तेही ओलंचिंब. डोक्यावरून आंघोळ करून अंग न पुसता पंख्याखाली उभं राहा, म्हणजे बाळाचं काय होतं ते कळेल. अंगावरचं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. नुसतं तसंच ठेवलं तर नवजात बाळाची कातडी मिनिटाला ०.३ अंशानं आणि शरीर आतून मिनिटाला ०.१ अंशानं गार पडू शकतं. म्हणजे दहा मिनिटांत आतून एक अंश. बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसमध्ये असायला हवं, त्यामुळे एक अंश ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. जागतिक आरोग्य संघटना बाळंतपणाची खोली २५ ते २८ अंश ठेवा म्हणते. ऑपरेशन थिएटर बहुधा त्याहून गार ठेवतात, कारण दोन-दोन गाऊन चढवून दिव्याखाली उभ्या असलेल्या डॉक्टरांना घाम फुटतो. बेळगावला पूर्वी गरिबांचं महाबळेश्वर म्हणत. आमच्या डिसेंबरच्या पहाटेत एसीचीही गरज नसते.

गार पडलेलं बाळ मोठ्यांसारखं थरथरून अंग तापवू शकत नाही. त्याच्या मानेजवळ, खांद्यांमध्ये, मूत्रपिंडांभोवती एक खास तपकिरी चरबी असते. ती जाळून ते ऊब तयार करतं. हे जाळण लागलं की रक्तातली साखर आणि प्राणवायूही खर्च होतो. आणि नाळ कापल्यामुळे साखरेचा आयता पुरवठा तर आत्ताच बंद झालेला. म्हणून गारठा, साखर कमी होणं आणि श्वास लागणं ही तिन्ही संकटं हातात हात घालून येतात. एकटं ठेवलेलं बाळ रडतं, आणि रडण्यातही साखर खर्च होते.

आता हेच बाळ कोरडं करून, डोक्यावर टोपी घालून, उघड्या अंगानं आईच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि दोघांवर मिळून कोमट कापड घातलं तर? गार कापडाशी लागणारं अंग आता उबदार कातडीला लागतं. आणखी एक गंमत आहे. आईच्या छातीची कातडी बाळाच्या अंगाप्रमाणे स्वतःचं तापमान बदलते. बाळ गार असेल तर ती तापते. वॉर्मरला, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या यंत्राला, हे काम करायला सेन्सर लागतो. छातीवरची बाळं कमी रडतात, त्यांचे ठोके आणि श्वास लवकर स्थिरावतात. जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २०१६ मध्ये ४६ चाचण्या आणि ३,८५० आया-बाळं यांचा आढावा घेतला. त्यात छातीवर ठेवलेल्या बाळांची साखर सरासरी डेसिलिटरला १० मिलिग्रॅमनं जास्त निघाली, आणि एक ते चार महिन्यांनंतरही अंगावर पिणारी बाळं २४ टक्क्यांनी जास्त होती.

या चाचण्यांमधल्या बऱ्याच आया नॉर्मल बाळंतपणाच्या होत्या, हेही सांगायला हवं. सिझरवाल्यांचा पुरावा त्या मानानं थोडा आहे. पण बाहेर येण्याची वाट कुठलीही असली, तरी गारठ्यात बाळाची ऊब आणि साखर खर्च होतेच.

वासराला आचळ कोण दाखवतं?

छातीवर ठेवलेलं बाळ नुसतं पडून राहत नाही. स्वीडनमधल्या संशोधकांनी त्याचे नऊ टप्पे टिपले आहेत: पहिलं रडणं, मग सैल पडणं, डोळे उघडणं, तोंड-हात हलवणं, थोडी विश्रांती, मग सरकणं, चाटणं-चाचपणं, चोखणं आणि झोप. या सगळ्याला तासभर लागतो. स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळात बारीक ग्रंथी असतात. त्यांचा वास बाळाला ओढतो. बाळाच्या हातावर गर्भजलाचा वास असतो, म्हणून ते मुठी चोखत वाट काढतं. गोठ्यात वासरू जन्मलं की त्याला आचळ कुणी दाखवावं लागत नाही, पण त्याला गायीपासून उचलून दुसऱ्या खोलीत ठेवलं तर ते तरी काय करणार.

सिझरच्या बाळाला मात्र थोडा जास्त वेळ द्यावा लागतो. कळा सोसत बाहेर येताना बाळाच्या रक्तात हुशारी आणणारी संप्रेरकं उसळतात. कळा सुरू व्हायच्या आत काढलेल्या बाळात ती कमी असतात, त्यामुळे ते जरा सुस्त असतं. त्याच्या फुप्फुसात थोडं पाणीही राहिलेलं असू शकतं. म्हणून दहा मिनिटांत चोखलं नाही म्हणून "पीत नाही बघ" असं ठरवून बाळ उचलू नये, आणि म्हणूनच त्याच्या श्वासाकडे जास्त लक्षही हवं.

पहिला चीक म्हणजे काही थेंबच. बाळाला सुरुवातीला तेवढं पुरतं. "सिझर झालेल्या बाईला दूध येत नाही" हे वाक्य मी निपाणीपासून खानापूरपर्यंत सगळीकडे ऐकलंय. येतं. चिरा पोटावर असतो, स्तनांवर नाही, आणि मणक्यातल्या भुलेचा दुधाला काही अडथळा नसतो. दूध भरून यायला एखादा दिवस जास्त लागू शकतो, आणि नेमकं त्याच दिवसात डबा घरात येतो.

आईच्या बाजूनं बघायचं तर बाळाच्या हाताचा, तोंडाचा स्पर्श झाला की तिच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं. त्यानं दूध उतरतं आणि गर्भाशय आकसतं. सिझरमध्ये हेच औषध सलाइनमधून देतातच, त्यामुळे बाळ छातीवर ठेवलं म्हणून औषध लागणार नाही असं कुणी समजू नये. गर्भाशय आकसलं नाही तर काय होतं, याचा एक मोठा धडा तर आमच्याच जिल्ह्यातून जगाला गेलाय. इथल्या मेडिकल कॉलेजनं परदेशी संशोधकांबरोबर बेळगाव जिल्ह्यातल्या गावांत १,६२० बायकांवर अभ्यास केला होता. गावातल्या एएनएम सिस्टरांनी बाळंत झाल्यावर लगेच गर्भाशय आकसवणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, तर जास्त रक्त जाण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ साली तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. बाळंतपणाच्या खोलीतली साधीशी वाटणारी गोष्ट नेमून करायची ठरवली तर करता येते, हे इथल्या सिस्टरांना मी काय सांगावं!

टेबलावर हे करतात कसं?

सगळी मेख तयारीत आहे. हृदयाचे ठोके मोजायच्या चिकटपट्ट्या छातीच्या मधोमध लावल्या तर बाळाला जागा उरत नाही. त्या खांद्यावर, पाठीकडे लावता येतात. गाऊन पुढून उघडणारा हवा. सलाइनची सुई शक्यतो डाव्या हाताला, म्हणजे उजवा हात बाळाला धरायला मोकळा राहतो. हात टेबलाला बांधून ठेवायची काही ठिकाणी सवय असते, ती सोडावी लागते. पडदा थोडा खाली.

बाळ बाहेर आलं, रडलं, की निदान एक मिनिट थांबून नाळ कापायची. मग सिस्टर ते कोरड्या कापडानं पुसते, ओलं कापड टाकून देते आणि बाळाला छातीवर आडवं ठेवते. उभं नाही, कारण खाली पडद्यापलीकडचा भाग निर्जंतुक असतो आणि तिथं बाळाचा पायही जाऊन चालत नाही. मान सरळ, तोंड एका बाजूला, नाक आणि ओठ दिसतील असे. वजन, व्हिटॅमिन केचं इंजेक्शन, पायाचे ठसे हे सगळं तासाभरानं केलं तरी काही अडत नाही. मनगटाची पट्टी छातीवर असतानाच बांधता येते. आंघोळ तर चोवीस तासांनी. अंगावरचा तो पांढरा लोण्यासारखा थर घाण नव्हे.

आणि शेजारी एक माणूस. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि आमच्याकडे अडतं ते इथेच. टेबलावर पडलेल्या बाईला बाळाचं नाक नीट दिसत नाही. तिला मळमळतं, उलटी होते, रक्तदाब खाली जातो, अंग थडथडा उडतं. क्वचित एखादं बाळ छातीवर असताना श्वास घ्यायचं थांबतं. कुणी बघत असेल तर ते लगेच सावरता येतं. म्हणून ज्या थिएटरात बाळाकडे बघायला वेगळी सिस्टर नाही तिथे "आधी माणूस, मग छाती" असंच मी म्हणेन, कितीही वाईट वाटलं तरी.

बाळ नीट रडलं नाही, निळं पडलं, श्वासाला त्रास होतोय, आईला जास्त रक्त जातंय किंवा पूर्ण भूल द्यावी लागली, तर बाळ आधी बाळाच्या डॉक्टरकडे जातं. यात भांडण्यासारखं काही नाही. आई सावरली की मग छातीवर घेता येतं. तोवर बाप आहे. बापाच्या छातीला दूध नसतं, पण ऊब असते.

पेटी कमी पडली म्हणून

ही कल्पना श्रीमंत देशातून आली असं वाटेल. १९७८ च्या सुमाराला कोलंबियातल्या बोगोटा शहरात एका सरकारी दवाखान्यात काचेच्या पेट्या कमी पडत होत्या, एकेका पेटीत दोन-दोन बाळं ठेवावी लागत. डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळं आईच्या छातीला बांधायला सुरुवात केली. कांगारू पद्धत म्हणतात ती हीच. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. १ ते १.८ किलोची बाळं तब्येत स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्याबरोबर छातीवर ठेवली, तर २८ दिवसांत दगावणाऱ्यांचं प्रमाण १५.७ वरून १२ टक्क्यांवर आलं. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मध्येच थांबवली. सिझरच्या टेबलावर हे करता येतं, याची नीट लिहिलेली रीत लंडनच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये मांडली.

सरकारी कागदावर हे आपल्याकडेही आहे. केंद्राचा अंगावर पाजणं वाढवायचा 'माँ' कार्यक्रम २०१६ चा, बाळंतपणाची खोली आणि सिझरचं थिएटर दोन्ही सुधारायचा 'लक्ष्य' कार्यक्रम २०१७ चा. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ४१.८ टक्केच मुलांना पहिल्या तासात आईचं दूध मिळालं होतं. त्याच पाहणीत सिझरचं प्रमाण देशात २१.५ टक्के, आणि कर्नाटकात ३१ टक्क्यांहून जास्त. म्हणजे आमच्याकडच्या दर तीन बायकांतल्या जवळपास एकीचा हा प्रश्न आहे. महाराष्ट्रातल्या चंदगडच्या बायकाही अडचणीला बेळगावातच येतात, त्या वेगळ्या.

दाराबाहेरची माणसं

सगळा दोष दवाखान्यावर ढकलणं सोपं आहे. पण थिएटरच्या दाराबाहेर आम्ही बारा माणसं उभी असतो, आणि दार उघडलं की आम्हाला बाळ हवं असतं. मुलगा का मुलगी, कुणासारखं नाक, फोटो काढून मुंबईच्या मामाला पाठव. बाळ आत राहिलं की "काय झालं, का आणत नाहीत" म्हणून सिस्टरचा जीव खातो. मग ती बिचारी बाळ गुंडाळून बाहेर आणते. त्यात मध चाटवायचा. पहिल्यांदा जो चाटवेल त्याचा स्वभाव बाळाला येतो म्हणून घरातलं शहाणं माणूस आधीच नेमलेलं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये. त्यातून एक जंतू आतड्यात वाढून बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात.

दुसरी अडचण भाषेची. इथल्या दवाखान्यात सिस्टर बागलकोट-विजयपूरकडची, कागद कन्नड नाहीतर इंग्रजी, आणि टेबलावर पडल्यावर बाजारातलं कन्नडही आठवत नाही. त्यामुळे विचारायचं ते आठव्या-नवव्या महिन्यात, तपासणीच्या वेळी, डॉक्टर खुर्चीत बसलेले असताना. छातीवर बाळ ठेवाल का, त्या वेळी बाळाजवळ कोण थांबेल, नाही जमलं तर बापाकडे द्याल का. एवढे तीनच प्रश्न, आणि उत्तर तायी कार्डाबरोबरच्या (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं तपासणीचं कार्ड) कागदावर लिहून घ्यायचं. भाचीला मी एक वाक्य पाठ करून दिलं होतं: "कूसिन्न नन्न एदी म्याल इडरी." बाळाला माझ्या छातीवर ठेवा. भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते ऐकून हसू आलं म्हणे, कारण ते होते कोल्हापूरचे.

बाळ छातीवर अठरा मिनिटं राहिलं. अक्काला, म्हणजे बाळाच्या आजीला, आम्ही दाराबाहेर धरून ठेवलं होतं. तिच्या पिशवीत खानापूरच्या रानातल्या मधाची बाटली होती, ती तशीच घरी आली. एकोणिसाव्या मिनिटाला भाचीला उलटीची भावना झाली आणि सिस्टरनं बाळ उचलून शेजारच्या खोलीत जावयाकडे दिलं. त्यानं शर्टाची बटणं काढली आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीत मागे रेलून बसला. मी दारातून बघत होते. बाळ त्याच्या छातीवरच्या केसांत तोंड घासत इकडून तिकडे काहीतरी शोधत होतं.

"इथं काही नाही बाबा," तो त्याला हळूच सांगत होता. "थांब की जरा. आईला टाके घालून व्हायचेत."